विमान आणि रेल्वे अपघातांचा तपास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत रात्री-अपरात्री भोंगा झाला की ओळीने घरांतले दिवे लागायचे. अपघात मदत गाडी निघणार, हे आम्हा पोरांनाही कळायचं. मोठी माणसं दुसऱ्या दिवशी काळवंडलेल्या चेहऱ्यांनी परत आली की कॉलनीचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘चूक कोणाची?’ १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळल्यापासून मला येणाऱ्या निरोपांतही हाच प्रश्न सर्वांत जास्त असतो. त्याच्या आजूबाजूचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

भारतात विमान अपघाताचा तपास कोण करतं? डीजीसीए ना?

२०१२ पर्यंत बहुतांशी तेच करायचं. नियम करणारं, परवाने देणारं आणि विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं हेच नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. अपघात झाला की तपासणारंही तेच. देखरेखीत आपलंच काही राहून गेलं का, हे त्यालाच शोधायचं असायचं. फार मोठा अपघात असला तर सरकार वेगळं चौकशी न्यायालय नेमायचं. २२ मे २०१० च्या मंगळुरू अपघातात १५८ जण गेले, तेव्हा अशा न्यायालयाचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले.

२०१२ मध्ये विमान अपघात तपास ब्युरो, म्हणजे एएआयबी, वेगळा काढला. आता अपघात आणि गंभीर घटना त्याच्याकडे जातात, किरकोळ घटना डीजीसीए पाहतं. दोघंही एकाच मंत्रालयाखाली आहेत, त्यामुळे ‘स्वतंत्र’ हा शब्द मी जरा जपून वापरतो.

तपासात परदेशी माणसं दिसली की लोकांना शंका येते. त्यात लपवाछपवी काही नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराचं १३ वं परिशिष्ट सांगतं की अपघात ज्या देशात झाला त्याने तपास चालवायचा, आणि विमानाची नोंदणी, रचना, बांधणी जिथली, त्या देशांना आपला प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क आहे. बोइंग पडलं की अमेरिकेचे तपासनीस येतात ते या हक्काने.

आणि रेल्वेचा? तो रेल्वे मंत्रालयच करतं का?

छोट्या अपघातांची चौकशी रेल्वेचे स्वतःचे अधिकारी करतात. प्रवासी गाडीच्या अपघातात माणसं दगावली किंवा जबर जखमी झाली की ती रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे जाते, आणि हे आयुक्तालय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. हे वाचून लोक हसतात, पण मागे विचार आहे. इंग्रजांच्या काळात रेल्वेचे तपासनीस रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली असत. १९४१ मध्ये त्यांना तिथून काढून टपाल आणि हवाई खात्याला जोडलं, म्हणजे बोर्डाला त्यांचा कान पकडता येऊ नये. पुढे खात्यांची नावं बदलत गेली आणि तपासनीस विमानवाल्यांकडे राहिले. मुख्यालय लखनौला आहे, मध्य मंडळाचं कार्यालय मुंबईत.

मात्र आयुक्त होणारी माणसं रेल्वेच्याच सेवांमधून येतात, आणि त्यांचे निष्कर्ष मानायचे की नाही हे रेल्वे बोर्ड ठरवतं. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये स्वतंत्र वैधानिक रेल्वे सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस केली होती. आयुक्तालय आजही आहे तिथेच आहे.

‘अपघात’ आणि ‘घटना’ यांत फरक काय? बातम्यांत दोन्ही शब्द कसेही वापरतात.

विमानात व्याख्या काटेकोर आहे. उड्डाणासाठी पहिला माणूस चढल्यापासून शेवटचा उतरेपर्यंत कोणी दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, विमानाच्या सांगाड्याला मोठं नुकसान झालं किंवा विमान बेपत्ता झालं, तर तो अपघात. त्या दुखापतीने ३० दिवसांत मृत्यू आला तरी तो अपघाती मृत्यू धरतात. हवेच्या झोक्यात आपटून तुमचा पाय मोडला तर कागदोपत्री तो विमान अपघातच. बोट किंवा नाक साधं मोडलं तर नाही! हा अपवाद व्याख्येतच लिहिलेला आहे.

गंभीर घटना म्हणजे अपघात होता होता राहिला तो प्रसंग: दोन विमानं धोकादायक अंतरावर आली, चुकीच्या धावपट्टीवर उतरायला निघाली, असं काही.

रेल्वेत अक्षरांची यादी आहे. टक्कर, आग, रुळांवरून घसरणं हे पहिल्या अक्षरांत येतं. त्यापुढच्या ‘एफ’मध्ये टळलेली टक्कर, ‘जी’मध्ये ब्लॉकच्या (एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी) नियमांचा भंग आणि ‘एच’मध्ये लाल सिग्नल ओलांडून गेलेली गाडी. हा शेवटचा प्रकार रेल्वेत ‘स्पॅड’ म्हणून ओळखतात. या तिन्हींत बहुधा कोणाला खरचटतही नाही, म्हणून बातमी होत नाही. पुढचा अपघात कुठे होणार याचा माग मात्र इथेच लागतो.

ब्लॅक बॉक्स सापडला की दोन दिवसांत सगळं कळायला नको का?

पेटी उघडून माहिती उतरवणं, दोन्ही रेकॉर्डरच्या वेळा एकमेकींशी जुळवणं, प्रत्येक आवाज कशाचा हे ठरवणं, हे सगळं किचकट काम आहे. (पेटी काळी नसते, भगवी-नारिंगी असते.) एका रेकॉर्डरवर विमानाचे शेकडो आकडे असतात, दुसऱ्यावर कॉकपिटमधले आवाज. शब्दच नव्हे, बटणाचा खट् आवाज आणि वाऱ्याची घरघरही. मंगळुरूच्या रेकॉर्डिंगमध्ये कप्तानाच्या घोरण्याचा आवाज होता. सहवैमानिक शेवटी ‘गो अराउंड’, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या, असं सांगत होता हेही त्यातच मिळालं. झोपेतून नुकत्या जागा झालेल्या माणसाची निर्णयशक्ती काही वेळ मंदावलेली असते, हा मुद्दा त्या घोरण्यावरून तपासात आला.

रेल्वेतही आता बरंच काही नोंदलं जातं. स्टेशनवरच्या डेटालॉगरमध्ये कोणता सिग्नल कधी बदलला, कोणता पॉइंट, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारा सांधा, कधी फिरला हे असतं, आणि इंजिनात वेगाची नोंद होते.

अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात कारण का दिलं नाही?

प्राथमिक अहवालाचं ते कामच नाही. तो ३० दिवसांत द्यायचा असतो आणि त्यात हाती लागलेली तथ्यं मांडायची असतात. १२ जुलै २०२५ ला आलेल्या अहवालाने तेच केलं. उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच साधारण एका सेकंदाच्या फरकाने ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेले. एका वैमानिकाने दुसऱ्याला विचारलं, बंद का केलंस? दुसरा म्हणाला, मी केलं नाही. सुमारे दहा सेकंदांनी स्विच एकेक करून परत ‘रन’वर आले, पण विमानाकडे तेवढी उंचीच नव्हती. विमानातल्या २४२ पैकी एकच प्रवासी वाचला, जमिनीवरचे १९ जण गेले.

यातला ‘मी केलं नाही’ कोण म्हणालं, हे अहवालात नाही. कोणाचं बोट स्विचला लागलं की आणखी काही झालं, हेही नाही. तरी त्याच संध्याकाळी चॅनेलांवर खटला चालून निकालही लागला होता. मला त्याच अहवालातली दुसरी एक नोंद जास्त महत्त्वाची वाटली. अशा स्विचच्या लॉकमध्ये दोष असू शकतो, अशी सूचना अमेरिकी नियामकाने २०१८ मध्ये काढली होती. ती केवळ सल्ला होती, सक्ती नव्हती, म्हणून ती तपासणी केलेली नव्हती. तिचा या अपघाताशी संबंध आहे असं अहवाल म्हणत नाही. पण ‘सल्ला’ म्हणून आलेल्या कागदाचं पुढे काय होतं, हे त्यावरून कळतं.

अंतिम अहवालातही ‘संभाव्य कारण’ असंच लिहितात. पळवाट नाही का ही?

नाही. तपासनीस पुराव्याने जिथवर जाता येतं तिथवर जातो. आणि खरा ऐवज त्या एका वाक्यात नसून पुढच्या ‘हातभार लावणारे घटक’ या भागात असतो. लोक तो वाचतच नाहीत.

कोळिकोडचा अपघात घ्या. ७ ऑगस्ट २०२०, दुबईहून आलेलं विमान, रात्र, पाऊस, डोंगरमाथ्यावरची धावपट्टी. संभाव्य कारण असं: अस्थिर अवस्थेत उतरणं चालू ठेवलं, विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फुटांवर टेकलं, म्हणजे निम्मी धावपट्टी संपल्यावर. २१ जण गेले, दोन्ही वैमानिकही. इथे थांबलात तर वैमानिकावर खापर फोडून मोकळे होता. पुढची पानं उलटा. कप्तानाच्या बाजूचा वायपर आधीच्या प्रयत्नात काही सेकंद चालून बंद पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कप्तानाला कोळिकोडहून पुढचं उड्डाण न्यायचं होतं, त्यामुळे तिथेच उतरण्याची ओढ होती. दुसरा कप्तान का नव्हता? कोळिकोड तळावर २६ सहवैमानिकांमागे एकच कप्तान नेमलेला होता. अहवालाने यासाठी कंपनीच्या मनुष्यबळ धोरणाला दोष दिला. धावपट्टीवर टेकण्याच्या कित्येक महिने आधी एका कार्यालयातल्या तक्त्यावर हे ठरत गेलं होतं.

कोणालाच दोषी धरायचं नाही, असा याचा अर्थ का?

१३ व्या परिशिष्टात उद्देश स्पष्ट आहे: पुन्हा अपघात होऊ नये. दोष आणि जबाबदारी ठरवणं हे तपासाचं काम नाही. ते पोलीस आणि न्यायालयाचं. रेल्वे कायद्यानेही आयुक्तांसमोर दिलेली साक्ष साक्षीदाराविरुद्ध वापरायला मनाई केली आहे, खोटी साक्ष सोडून. माणूस खरं बोलावा म्हणून ही तरतूद आहे.

प्रत्यक्षात दोन्ही गाड्या एकाच रुळावर धावतात. बालासोरच्या २०२३ मधल्या रेल्वे अपघातानंतर सीबीआयने सिग्नल विभागातल्या तिघांना अटक केली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी पडून मेले, त्या प्रकरणात लोहमार्ग पोलिसांनी अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला आणि ६ नोव्हेंबरला कर्मचाऱ्यांनी सीएसएमटीला अचानक काम बंद पाडलं. घरी पोहोचायला त्या संध्याकाळी किती वेळ लागला हे कल्याण-डोंबिवलीकरांना विचारा. हलगर्जीपणाला शिक्षा हवीच. पण गुन्हा दाखल झाल्यावर तपासनिसासमोर बसलेला माणूस आधी वकिलाला फोन करतो, हेही तितकंच खरं.

काहीच झालं नाही, तर ती गोष्ट कळवायची कशाला?

या पानावरचा माझा सर्वांत आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबेल.

२ जून २०२३, ओडिशातलं बाहानगा बाजार स्टेशन, बालासोर जिल्हा. कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता, पण पॉइंट लूपलाइनकडे, म्हणजे बाजूच्या रुळाकडे, वळलेला होता. गाडी ताशी १२८ किलोमीटरने लोहखनिज भरलेल्या मालगाडीवर गेली. घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या यशवंतपूर-हावडा एक्स्प्रेसला लागले. २९६ मृत्यू. सिग्नलच्या जोडणीत पूर्वी केलेला बदल नीट झाला नव्हता, आणि त्या दिवशी फाटक क्रमांक ९४ चं काम करताना तारा चुकीच्या जोडल्या गेल्या, असा आयुक्तांचा निष्कर्ष आहे.

त्याच अहवालात आणखी एक तारीख आहे: १६ मे २०२२. त्याच खरगपूर विभागात, बांकडा नयाबाज स्टेशनवर, चुकीच्या जोडणीमुळे असाच गोंधळ झाला होता. कोणी मेलं नाही. त्यानंतर योग्य उपाय झाले असते तर बाहानगा घडलं नसतं, असं आयुक्तांनी लिहिलं आहे. एक वर्ष आणि सतरा दिवस हातात होते.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्हला ५ ऑक्टोबर १९९९ ला दोन गाड्या समोरासमोर आल्या, ३१ जण गेले. ज्या ‘एसएन १०९’ सिग्नलला गाडी थांबायला हवी होती, तो त्याआधीच्या सहा वर्षांत आठ वेळा लाल असताना ओलांडला गेला होता. आठही वेळा नोंद झाली. सिग्नल नीट दिसत नाही, हे मात्र कोणी मनावर घेतलं नाही.

अमेरिकेत १ डिसेंबर १९७४ ला ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं विमान वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. वैमानिक उतरण्यासाठी मिळालेल्या परवानगीचा अर्थ चुकीचा लावून लवकर खाली आले. सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीच्या वैमानिकांची नेमकी हीच गफलत झाली होती आणि ते थोडक्यात वाचले होते. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. दुसऱ्या कंपनीपर्यंत ते पोहोचवायची काही सोयच नव्हती. ती सोय म्हणून १९७६ मध्ये एक योजना सुरू झाली: वैमानिकाने आपली चूक नियामकाला नाही, तर नासाला कळवायची. नासा नाव-गाव काढून टाकते आणि मजकूर सगळ्यांना वाचायला ठेवते. नियामकाच्या हाती नाव पडतच नाही, म्हणून लोक लिहितात.

पण आपली चूक कळवली तर नोकरी जाईल. तुम्ही देणार का पगार?

हे एका लोको पायलटने विचारलं होतं, आणि त्याचं म्हणणं रास्त आहे. स्पॅड झाला की गाडीवरून उतरवतात, निलंबन होतं, पुढे नोकरीही जाऊ शकते. सिग्नल झाडाआड होता का, सलग कितवी रात्र होती, हे प्रश्न मागाहून येतात, आले तर.

भीतीने काय होतं याचं जपानमधलं उदाहरण मला कधी विसरता आलेलं नाही. २५ एप्रिल २००५, अमागासाकी. तेवीस वर्षांचा मोटरमन इतामी स्टेशनवर सुमारे ७२ मीटर पुढे जाऊन थांबला. गाडी मागे घेतली, दीड मिनिटाच्या आसपास उशीर झाला. अशा चुकीसाठी कंपनीत ‘पुनर्प्रशिक्षण’ असायचं, म्हणजे दिवसचे दिवस निबंध लिहिणं आणि वरिष्ठांची बोलणी खाणं. ते त्याने आधी एकदा भोगलं होतं. त्याने गार्डला विनवलं, अंतर कमी सांग. गार्डने नियंत्रण कक्षाला आठ मीटर सांगितलं. आपल्याबद्दल काय बोलणं चाललंय याकडे मोटरमनचं लक्ष लागलं असावं, असं तपासात पुढे आलं. ७० च्या मर्यादेच्या वळणावर गाडी ११६ ने शिरली आणि एका इमारतीत घुसली. त्याच्यासह १०७ जण गेले.

आपल्याकडे विमानात काही बाबी कळवणं सक्तीचं आहे. अपघात आणि गंभीर घटना २४ तासांच्या आत कळवाव्याच लागतात. त्याशिवाय डीजीसीएची ऐच्छिक नोंदणीही आहे, तिथे नाव गुप्त ठेवतात. पण ती चिठ्ठी नियामकाच्याच टेबलावर जाते. नासासारखा तिसरा माणूस मध्ये नाही. रेल्वेत तर एवढंही रुजलेलं नाही.

मी साधा प्रवासी. मला काही वेगळं दिसलं तर?

रुळाला तडा, रुळावर दगड किंवा झाड, फाटक उघडं असताना येणारी गाडी: जवळचा गेटमन, स्टेशन मास्तर किंवा कीमन (रूळ तपासत फिरणारा कर्मचारी) गाठा, नाहीतर १३९ लावा. जागा सांगताना रुळाशेजारच्या विजेच्या खांबावरचा क्रमांक वाचून सांगा. ‘बोगद्याच्या अलीकडे, वडाच्या झाडापाशी’ यावरून गाडी थांबवता येत नाही. डब्यात जळका वास आला तर टीटीई किंवा ट्रेन मॅनेजरला (म्हणजे गार्डला) सांगा आणि दोन मिनिटं डोकं शांत ठेवा. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा पसरली, साखळी ओढली गेली, माणसं पलीकडच्या रुळावर उतरली आणि तिकडून कर्नाटक एक्स्प्रेस आली. आग नव्हतीच.

विमानात पंखावर काही सैल दिसलं, धूर दिसला तर केबिन क्रूला लगेच सांगा. मूर्ख ठरलात तर ठरलात.

अपघाताचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. ग्रुपवर टाकू?

तपासनिसांना द्या. मूळ फाइल द्या, व्हॉट्सॲपवरून गेलेली नको. तिच्यातला तपशील आणि वेळेची नोंद टिकत नाही.

रेल्वेच्या चौकशीत मला साक्ष देता येते का?

येते, आणि फार थोड्यांना हे माहीत असतं. आयुक्त वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देतात: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी चौकशी, माहिती असणाऱ्यांनी हजर राहावं किंवा लेखी कळवावं. सूचना आतल्या पानावर बारीक अक्षरांत असते.

नुकसानभरपाई?

चौकशीच्या निकालाची वाट पाहू नका. रेल्वे अपघातात मृत्यूसाठी ८ लाख रुपये भरपाई २०१७ पासून आहे. दावा रेल्वे दावे न्यायाधिकरणात, साधारणपणे एका वर्षाच्या आत. चालत्या गाडीतून चुकून पडलेल्या तिकीटधारक प्रवाशालाही ती लागू आहे, म्हणून तिकीट किंवा पास जपून ठेवा. विमानाचं गणित वेगळं आणि आंतरराष्ट्रीय करारावर बेतलेलं आहे. तिथे वकील गाठा.

अहवाल वाचायला मिळतात का?

एएआयबीचे अंतिम अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर असतात, फुकट. रेल्वे आयुक्तांचे वार्षिक अहवाल मिळतात, एकेका अपघाताचा पूर्ण अहवाल मात्र सहज हाती लागत नाही. बालासोरचं कारण अधिकृतपणे लोकांपुढे आलं ते संसदेत प्रश्न विचारला गेला तेव्हा. मराठीत यातलं काहीही नाही.

शिफारशी कागदावरच राहतात ना पण?

पुष्कळ राहतात, सगळ्या नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, ३४९ जण गेले. त्यानंतर समोरच्या विमानाची सूचना देणारं टक्कररोधक यंत्र भारतात सक्तीचं झालं. आज वैमानिकाला यंत्रच ओरडून सांगतं, वर जा, खाली ये.

घरातलं उदाहरण हवं असेल तर कोकण रेल्वे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून कारवारहून मुंबईकडे येणारी विशेष गाडी घसरली, पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये मत्स्यगंधा एक्स्प्रेसचा अपघात झाला. मग डोंगरांना जाळ्या लागल्या, कटिंगमध्ये पावसाळी गस्त वाढली, पावसात गाड्यांचा वेग उतरवला. गणपतीला गावी जाताना गाडी मुंगीच्या पावलांनी जाते म्हणून आपण दरवर्षी ज्या पावसाळी वेळापत्रकाला शिव्या घालतो, ते इथून आलं आहे.